सुरक्षा आणि आकाश : वॉशिंग्टन परिसरातील तीन लहान विमानतळ

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या राजधानीभोवतीचे आकाश खाजगी वैमानिकांना बंद झाले. त्याची सर्वाधिक झळ मेरीलँडमधील कॉलेज पार्क, पोटोमॅक व हाइड फील्ड या तीन लहान विमानतळांना बसली. यांपैकी कॉलेज पार्क येथे १९०९ मध्ये विल्बर राइट यांनी लष्करी अधिकाऱ्यांना उड्डाणाचे शिक्षण दिले होते. २००२ मध्ये हे विमानतळ खुले झाले, परंतु केवळ तेथेच विमान ठेवणाऱ्या, बोटांचे ठसे व पूर्वचारित्र्याची तपासणी पूर्ण केलेल्या वैमानिकांसाठी. बाहेरच्या विमानांना २००५ पर्यंत प्रवेश नव्हता. लहान विमानतळाचे उत्पन्न प्रामुख्याने इंधनविक्री, प्रशिक्षण व पाहुणी विमाने यांवर अवलंबून असल्याने हा आघात मूलगामी ठरला.

११ मे २००५ रोजी वाट चुकलेल्या एका सेस्ना विमानामुळे संसदभवन रिकामे करावे लागले. त्यामुळे शासनाची भीती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. मात्र ते विमान हल्लेखोराचे नव्हते, हेही तितकेच खरे. २००३ मध्ये तात्पुरते म्हणून आखलेले विस्तृत नियंत्रित क्षेत्र २००८ च्या नियमाने कायम झाले. हाइड फील्ड २०२२ मध्ये बंद पडले. संकटकाळातील निर्बंध स्थायी होतात तेव्हा त्यांचा भार प्रामुख्याने दुर्बल घटकांवर पडतो, असे या इतिहासावरून दिसून येते.