घडाच्या आत, काळाच्या उलट

बाहेर मे महिन्याचे ऊन, आत १८ अंश. बुऱ्हाणपूरच्या रायपनिंग चेंबरमध्ये तुम्ही उभे आहात. सकाळी कापलेल्या घडांच्या फण्या धुऊन, खोक्यांत भरून इथे रचल्या आहेत. केळी हिरवी, कडक. आज तुम्हाला खूप मागे जायचे आहे, पण आधी इथेच थांबा आणि लहान व्हा, गरातल्या एका पेशीत मावाल इतके लहान.

चहूकडे स्टार्चचे कण आहेत. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास स्टार्च असतो आणि साखर जेमतेम एक टक्का. तेवढ्यात चेंबरमध्ये इथिलीन सोडले जाते: हवेच्या दहा लाख भागांत फार तर १०० भाग. पेशीच्या आतल्या पटलांवरचे रिसेप्टर आतापर्यंत पिकणे रोखून धरत होते. इथिलीन चिकटताच ते थंडावतात. हा वायू हुकूम देत नाही, अडसर काढतो.

आता घड्याळ भरभर फिरू द्या. एसीसी सिंथेज नावाचे एन्झाइम एसीसी हा छोटा रेणू घडवते, एसीसी ऑक्सिडेज त्यापासून इथिलीन बनवते, आणि ते इथिलीन पुन्हा याच दोघांना वाढवते. कोवळ्या केळ्यात इथिलीन स्वतःच्या निर्मितीला आळा घालते. भरलेल्या केळ्यात तीच तार उलटी जोडली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमायलेज स्टार्च फोडू लागतात, दुसरी एन्झाइम त्या तुकड्यांची सुक्रोज बनवतात, इन्व्हर्टेज त्यातल्या काहीचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. पेक्टिन तोडणारी एन्झाइम पेशींमधला सांधा सैल करतात. श्वसन कित्येक पटींनी वाढते. खोक्यांतली फळे आपली आपण तापतात. चेंबर चालवणाऱ्याला कूलिंग वाढवावे लागते, दार उघडून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो.

एवढ्या गडबडीत तुम्ही मुकादम शोधता. तो कुठेच नाही. प्रत्येक एन्झाइमला आपल्या खाचेत येऊन बसते तेवढेच कळते. तरी हिशेब जुळतो, कारण माल जिथे पोचतो तिथून खबर मागे येते. साखर जाळण्याच्या वाटेवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एक नाके आहे. वाटेच्या शेवटाजवळ फॉस्फोइनॉलपायरुव्हेट साचले की तेच येऊन या नाक्याला चिकटते आणि वेग उतरतो. पुढच्या एन्झाइमने ते उचलले की नाके मोकळे होते. वनस्पतींत लगाम असा खालून खेचला जातो.

हा ताळमेळ किती नाजूक आहे ते बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात कळते. कूलिंग बंद पडून पारा २५ अंशांच्या वर राहिला तर गराची एन्झाइम धावत सुटतात, पण सालीतले हरितद्रव्य मोडणारी साखळी मागे पडते. केळे आतून मऊ आणि वरून हिरवे राहते. गिऱ्हाईक ते कच्चे समजून पुढे जाते. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट दोन साखळ्यांच्या वेगातल्या फरकाने मातीमोल होतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता मागे चला. १९७९, कॅलिफोर्नियातले डेव्हिस. शांग फा यांग आणि डग्लस ॲडम्स यांनी सफरचंदाचे तुकडे नायट्रोजनमध्ये ठेवले आहेत. ऑक्सिजन नाही म्हणून इथिलीन बनत नाही. वाटेतला एक रेणू साचत जातो. हवा लागताच त्याचे इथिलीन होते. तो रेणू म्हणजे एसीसी. साखळीची एक कडी बंद करून तिच्या आधीचा माल पकडायचा, ही युक्ती मला फार देखणी वाटते.

१९५६. जवाहरलाल नेहरू बुऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरच्या कागद कारखान्याचे उद्घाटन करतात. त्याच वर्षी अमेरिकेत एडविन अंबार्गर दाखवून देतात की जिवाणूत आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल पुरेसे झाले की ते स्वतःच्या साखळीतले पहिलेच एन्झाइम थांबवते. मागे येणाऱ्या खबरीचा तो पहिल्या स्पष्ट पुराव्यांपैकी एक.

१६१५. इंग्लंडचा वकील टॉमस रो याच नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरात मुघल शहजादा परवेझला भेटतो आहे. तुम्ही मात्र शहराबाहेर कुंडी भंडाऱ्यात उतरा. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच गाठले आहे. शंभराहून जास्त कुंड्या एका बोगद्याने जोडलेल्या, आणि रहाट एकही नाही. उतार पाणी नेतो. पेशीतही साखरेपासून कार्बन डायऑक्साइडपर्यंत ऊर्जेचा असाच उतार असतो. एन्झाइम तो उतार बदलू शकत नाही. माल कुठल्या दिशेने जाईल ते उतार ठरवतो, किती वेगाने जाईल ते एन्झाइम. कुंडीला मात्र शहराची तहान कळत नाही. पेशीतल्या नाक्यांना कळते, म्हणून पेशी जगते.

आणखी मागे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी या भागात लाव्हाचे थर पसरत होते. तिथे थांबू नका. अडीचशे कोटी वर्षांच्याही पलीकडे, समुद्रात या. हवेत ऑक्सिजन जवळजवळ नाही. एसीसी ऑक्सिडेज इथे कामच करू शकले नसते. साखर फोडण्याला मात्र ऑक्सिजन लागत नाही, आणि ती वाट फार जुनी आहे. तिच्या बहुतेक पायऱ्या आजही जिवाणूत, केळीत आणि माणसात सारख्याच आहेत. आतड्यातल्या ई. कोलायच्या मुख्य फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला केळीसारखेच फॉस्फोइनॉलपायरुव्हेट आवरते. केळे खाऊन शेतात निघालेल्या माणसाच्या स्नायूत हे काम एटीपी हा ऊर्जा वाहणारा रेणू आणि सायट्रेट करतात: तो कुदळ उचलतो, एटीपी खर्ची पडते, नाके उघडते आणि बुऱ्हाणपुरात चार दिवसांपूर्वी स्टार्च असलेली साखर जळू लागते.