शीर्षपाद प्राण्यांच्या रक्तपेशी व रोगप्रतिकार

माकूल, ऑक्टोपस, नॉटिलस आदी मृदुकाय प्राण्यांच्या रक्तातील पेशी व त्यांचे संरक्षणकार्य. हा वर्ग सर्वस्वी समुद्रातला आहे. गोड्या पाण्यात त्याची एकही जाती नाही. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीत आणि मावळच्या भातखाचरांत त्याचे नातलग तेवढे सापडतात, म्हणजे शिंपले आणि गोगलगायी. तुलनेसाठी तेच उपयोगी पडतात. शिंपल्याच्या अंगात रक्त मोकळे फिरते व ऊतींना थेट भिजवते, त्यामुळे संरक्षक पेशी जागोजागी आधीच हजर असतात. माकुलाचे रक्त बंद वाहिन्यांतून वाहते व ते खेळवायला तीन हृदये असतात. इथे जखमेपर्यंत पोचायचे तर पेशीला वाहिनीची भिंत ओलांडावी लागते.

प्राणवायू वाहून नेणारे हीमोसायनिन हे तांबेयुक्त प्रथिन रक्तरसातच विरघळलेले असते. तांबड्या पेशी नसतातच, म्हणून रक्तातल्या पेशींचे मुख्य काम संरक्षण आणि डागडुजी हेच. जखम झाली की त्या तिथे जमतात, एकमेकींना चिकटून तोंड बुजवतात, जंतू गिळतात. गिळता न येणाऱ्या परक्या वस्तूभोवती थर रचतात. त्यांचे उगमस्थान श्वेतपिंड. ताज्या माकुलाचे डोके काळजीपूर्वक उघडले की डोळ्यामागे, दृक्‌खंडाला बिलगून, हा पांढरा, मऊ, पाळीदार पिंड दिसतो. पेशींचा प्रकार एकच की दोन, यावर एकमत नाही.

या प्राण्यांत प्रतिपिंडे तयार होत नाहीत, म्हणून त्यांचा प्रतिकार सरसकट ‘प्राथमिक’ ठरवला जातो. हे मत पुराव्यापुढे टिकत नाही. १८८२ मध्ये मेसिना येथे मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या अळीत काटा खुपसून भोवती जमणाऱ्या भक्षक पेशी पाहिल्या, तेव्हापासून अपृष्ठवंशीयांच्या पेशी म्हणजे दिसेल ते परके खाणाऱ्या, असा समज रुजला. हवाई बेटांजवळील युप्रिम्ना स्कोलोपेस या लहानग्या माकुलाने तो हलवला. त्याच्या प्रकाशेंद्रियात व्हिब्रिओ फिशेराय हे प्रकाशमान जीवाणू राहतात आणि रोज पहाटे त्यांपैकी सुमारे ९५ टक्के बाहेर टाकले जातात. हे जीवाणू अंगी बाळगणाऱ्या माकुलाच्या रक्तपेशी त्यांना फारशा चिकटत नाहीत, मात्र इतर व्हिब्रिओंना घट्ट धरतात. प्रतिजैविके देऊन सहचर जीवाणू काढून टाकले की काही दिवसांतच त्याच पेशी व्हिब्रिओ फिशेरायलाही धरू लागतात. म्हणजे पेशींचे वागणे सहवासाने घडते.

याला स्मृती म्हणावे का, हा आक्षेप रास्त आहे. सहचर गेले की सवलतही जाते. पृष्ठवंशीयांची स्मृती रोगजंतू गेल्यावरही उरते. म्हणून ‘शिकवण’ हाच शब्द योग्य. पण शिकवण निवडक आहे, आणि निवड हीच वादाची खरी बाब. दुसरा आक्षेप असा की वर्ष-दीड वर्ष जगणाऱ्या प्राण्याला दीर्घ स्मृतीची गरजच काय? नॉटिलस वीस वर्षांहून अधिक जगतो, आणि प्रतिपिंडे त्यालाही नाहीत. आयुष्याची लांबी हे कारण पुरेसे नाही. एकाच जातीवरील प्रयोगातून सबंध वर्गाबद्दल बोलणे जोखमीचे, हे मात्र मान्य करावे लागते.



या व्यवस्थेची मर्यादा ऑक्टोपसच्या आतड्यात दिसते. कवचधारी भक्ष्यातून आलेला ॲग्रिगाटा हा परजीवी आतड्याच्या पेशींच्या आत वाढतो, त्यामुळे बाहेर फिरणाऱ्या रक्तपेशींना तो सहजी सापडत नाही. हौदात पाळलेल्या माकुलाची त्वचा भिंतीवर घासून सोलवटते आणि तिथून व्हिब्रिओ शिरतात. प्रतिपिंडे जागवणारी नेहमीची लस इथे चालत नाही. पाणी स्वच्छ राखणे आणि जखमच होऊ न देणे हाच मुख्य उपाय.