महारोग आणि पाप
महारोग, रक्तपिती, कुष्ठ : एकाच रोगाची नावे. बधिर हाताला चुलीचा चटका कळत नाही, जखम चिघळते, बोटे आखडतात. बघणाऱ्याला ती गतजन्मीच्या पातकाची शिक्षा वाटे. बायबलातही मोशेविरुद्ध बोललेल्या मिर्यामचे अंग पांढरे पडते. मात्र बायबलातला हा रोग, लेवीय पुस्तकातला ‘त्साराअत’, कपड्यावर, घराच्या भिंतीवरही उठतो, तेव्हा तो नेमका आजचा कुष्ठरोग नव्हे. जन्मांधाच्या बाबतीत ‘पाप कोणाचे?’ हा शिष्यांचा सवाल येशू सरळ उडवून लावतो (योहान, अध्याय ९). कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेत हान्सेनला १८७३ मध्ये दिसला. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन वसवले. कायदा मात्र रेंगाळला : घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळायला २०१९ उजाडले.