पत्ता बदलला, घर तिथेच

दोन हजार तेवीसची महाशिवरात्र शनिवारी आली होती, १८ फेब्रुवारीला. सुट्टी जोडून मी जळकोटला गेलो. घरी पोहोचलो तर अण्णांच्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला. टॉवेल म्हणजे आमच्याकडे "हे बंद आहे, विचारू नका" अशी पाटीच समजायची.

अण्णा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. रोज सकाळी पेपर वाचायचा, नातीशी व्हिडिओवर बोलायचं आणि मग एका लांबलचक फाइलमध्ये आपल्या नोकरीच्या आठवणी टाइप करायच्या, असा त्यांचा नेम. चार दिवसांपासून इंटरनेट बंद होतं आणि फोनवर त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. आईनं सांगितल्यावर मी विचारलं, तर खाली बघत म्हणाले, "मीच काही तरी दाबलो असंल बघ. तुला कशाला उगं तरास."

पंचाहत्तरीतला माणूस चार दिवस स्वतःला दोष देत बसला होता, हे मला फार लागलं. त्यातून तो कॉम्प्युटर, त्यावरचं लिनक्स आणि वायफायची ती यूएसबी स्टिक, सगळं मीच बसवून दिलेलं. स्टिक घेताना मी फक्त किंमत बघितली होती. (कंपनीचं नाव लिहीत नाही. चूक तिच्यापेक्षा माझी जास्त.)

आधी एक केलं. मशीन चालू होताना येणाऱ्या काळ्या यादीतून जुना कर्नल निवडला. वायफाय लगेच सुरू! म्हटलं, "अण्णा, तुम्ही काही बिघडवलेलं नाही. रात्री अपडेट आलं, कर्नल ५.१५ चा ५.१९ झाला, आणि या स्टिकच्या ड्रायव्हरला नवा कर्नल कळेना."

"ड्रायव्हरला गाडी कळेना?" म्हणाले. एसटीच्या भाषेत तसंच.

आता थोडा इतिहास. लिनक्समध्ये एक नियम कडक पाळतात: कर्नलच्या वर चालणारे प्रोग्राम मोडायचे नाहीत. आतल्या ड्रायव्हरांना मात्र असं कुठलंच वचन नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तसं लिहूनच ठेवलंय, आणि तो लेख कर्नलच्या कागदपत्रांतच मिळतो. आतली रचना कधीही बदलेल. तुमचा ड्रायव्हर कर्नलच्या घरात असेल तर जो रचना बदलतो तोच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करतो. बाहेर राहिलात तर तुमचं तुम्ही बघा.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे रियलटेक ८१३९ ही स्वस्त नेटवर्क चिप. एके काळी प्रत्येक सायबर कॅफेत ती सापडायची. तिचा ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांच्या जुन्या कामावरून जेफ गार्झिक यांनी तयार केला. तो घरातला असल्यानं इतक्या बदलांतून सुखरूप आला. माझ्या स्टिकचा ड्रायव्हर मात्र बाहेरचा, कंपनीनं एकदा फेकलेला आणि पुढे लोकांनी ठिगळं लावून जगवलेला.

ती फाइल उघडली आणि मी दुरुस्ती विसरून वाचतच बसलो. जागोजागी "आवृत्ती अमुकच्या पुढची असेल तर असं, नाहीतर तसं". २.६.२९ साठी एक अट, कारण २००९ मध्ये नेटवर्क उपकरणाची सगळी कामं एका वेगळ्या तक्त्यात हलवली गेली. ३.१० साठी दुसरी, २०१३ ची, तेव्हा प्रॉक फाइली बनवायची जुनी पद्धत गेली. ४.१५ साठी तिसरी, २०१८ ची, टायमर लावायची रीत बदलली म्हणून. जमीन खणावी आणि एकेक थर दिसावा तसं. कुणाकुणाच्या रात्री गेल्या असतील त्यात, देव जाणे.

फाइलीतला शेवटचा थर ५.१५ चा होता. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ५.१७ चा थर मला घालायचा होता. फोन यूएसबीनं जोडून नेट घेतलं (फोनचा ड्रायव्हर घरातला, तो मुकाट चालला) आणि बसलो. पहिले दोन अडथळे नुसत्या नावांचे: दोन फंक्शनची नावं बदलली होती. ती बदलली आणि ड्रायव्हर तयार झाला, वायफायही लागलं. एक इशारा तेवढा राहिला होता. खरं सांगतो, दुर्लक्ष करून झोपणार होतो. पण स्टिक काढून परत लावली तर लॉगमध्ये तक्रार: या उपकरणाचा पत्ता चुकीचा आहे.

वायफायच्या प्रत्येक उपकरणाला सहा बाइटचा एक पत्ता असतो. पूर्वी ड्रायव्हर तो थेट जागेवर लिहून टाकायचा. एका मशीनवर हजारो आभासी उपकरणं येऊ लागली तशी पत्त्यांची यादी ओळीनं शोधणं हळू पडायला लागलं, म्हणून २०२१ मध्ये त्या यादीच्या जोडीला झाडासारखी रचना आली. मग कुणी न सांगता पत्ता खोडून लिहिला तर झाड चुकणार. म्हणून ५.१७ पासून ती जागा फक्त वाचण्यापुरती, आणि लिहायचं तर ठरलेल्या फंक्शनमधूनच.

हे अण्णांना सांगितलं तर लगेच म्हणाले, "म्हंजे फेरफार. सातबारावर नाव खोडून घालता येत न्हाई, फेरफार घ्यावा लागतो." याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

मग त्यांनाच सुचलं. उठून कपाटातून जुने कागद काढले. आजोबांच्या पत्रांवर "ता. उदगीर, जि. बीदर". १९५६ नंतर बीदरचं झालं उस्मानाबाद. १९८२ साली लातूर जिल्हा झाला, तेव्हा पुन्हा खाडाखोड. १९९९ मध्ये जळकोटच तालुका झाला. आता तर उस्मानाबादचंही नाव धाराशिव. "घर इंचभर हललं न्हाई," अण्णा म्हणाले, "पण पत्र यायची. पोस्टमन गावातला होता."

आमचा ड्रायव्हर गावातला नव्हता, एवढाच फरक.

थेट लिहिण्याच्या चार जागा सापडल्या. चारही ठिकाणी ते ठरलेलं फंक्शन घातलं, वर अट लावली: ५.१७ च्या पुढे असेल तर असं. रात्री दीडला स्टिक काढली, लावली, लॉग गप्प. सकाळी अण्णांनी टॉवेल स्वतः घडी करून ठेवला आणि जुना कर्नल निवडायची काळी यादी कशी उघडायची ते वहीत पायऱ्यांनी लिहून घेतलं. मास्तरच ते, पायऱ्यांना आकडेही घातले.

पुढच्या खेपेला मी दुसरी स्टिक नेली, घरातला ड्रायव्हर असलेली. जुनी अजून अण्णांच्या कपाटात आहे, त्या बीदरच्या पत्रांशेजारी.