कोणता पिस्टन चांगला? १९१३ मधला एक वाद आणि तुमचा संशोधन-प्रश्न

जास्त ताकदीसाठी इंजिन नव्याने बांधायला घेतलं, की एक प्रश्न हमखास येतो: कंपनीचे पिस्टन काढून बाहेरचे कोणते बसवायचे? संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हाला हा विषय लांबचा वाटेल. पण संशोधन-प्रश्न कसा मांडावा, हे त्यातून छान कळतं.

१९१३ मध्ये डब्ल्यू. ओ. बेंटली स्वतःच्या गाड्या बनवत नव्हते. भावासोबत ते इंग्लंडमध्ये डीएफपी या फ्रेंच गाड्या विकत होते. फ्रान्समधल्या कारखान्यात त्यांना टेबलावर कागद दाबायला ठेवलेला ॲल्युमिनियमचा छोटा पिस्टन दिसला. मग त्यांनी ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं अशा मिश्रधातूचे पिस्टन करवून घेतले. १९१४ च्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत त्यांची दोन लिटरची डीएफपी सहावी आली.

तेव्हा पिस्टन बहुतेक बिडाचे किंवा पोलादाचे असत. ॲल्युमिनियमबद्दलची शंका खोटी नव्हती. ते तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून थंड असताना सिलिंडरमध्ये जास्त फट ठेवावी लागते आणि इंजिन खडखडतं. पण पिस्टन दर फेऱ्यात दोनदा थांबून उलटा फिरतो. फेरे दुप्पट झाले, की त्यावरचा जोर चौपट होतो. इथे हलकेपणा कामी येतो. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं, त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता येतं.

म्हणजे बघा, दोन्ही बाजू बरोबर होत्या. शांत, टिकाऊ गाडी हवी असणाऱ्याचा प्रश्न वेगळा, लहान इंजिनातून वेग काढू पाहणाऱ्याचा वेगळा. पहिल्या महायुद्धात बेंटलींनी ही माहिती रोल्स-रॉइसला दिली आणि स्वतःच्या बीआर१ या विमान-इंजिनातही वापरली. विमानात वजन महत्त्वाचं. थंड इंजिनाच्या खडखडाटाची पर्वा कोण करणार?

आजची निवडही याच धर्तीवर होते. बाजारात घडीव पिस्टनचे दोन मुख्य मिश्रधातू आहेत. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. तो कमी फुगतो, फट कमी ठेवता येते, रोजच्या गाडीला बरा. २६१८ मध्ये सिलिकॉन अगदी नगण्य. तो जास्त फुगतो, थंडीत आवाज करतो, झिजतोही लवकर. पण टर्बोच्या दाबाखाली इंजिन ठोकायला लागलं तर तडकण्याऐवजी मार सोसतो. म्हणून जाणकार मेकॅनिक आधी विचारतो: गाडी रस्त्यावर की ट्रॅकवर? टर्बो आहे का?

आता साधनांबद्दल. टेबलावरच्या त्या पिस्टनची गोष्ट बेंटलींनीच सांगितलेली आहे. त्यांचं आत्मचरित्र १९५८ चं, म्हणजे ४५ वर्षांनंतरचं. शर्यतीचा निकाल इतर नोंदींशी ताडून बघता येतो, प्रेरणेचा क्षण नाही. आणि नीट वाचलंत तर हीच गोष्ट ‘बेंटलींनाच पहिल्यांदा सुचलं’ या समजाला छेद देते. ती वस्तू टेबलावर होती, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पिस्टनची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात आधीच होती.

तुमच्या संशोधन-आराखड्यात ‘अधिक चांगले’, ‘प्रभावी’ असे शब्द शोधा. प्रत्येकापुढे ‘कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत’ हे एका ओळीत लिहा. ते लिहिता येत नसेल, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी तेवढं करून बघा.