विमानांच्या इंधनांतील शिसें

मोटारींच्या पेट्रोलांतून शिसें हद्दपार झालें, ही गोष्ट आतां जुनी झाली. भारतांत तें २००० सालीं झालें. अखेर उरलेल्या अल्जीरियांतही २०२१ सालीं त्याची विक्री बंद पडली. पण दट्ट्याच्या इंजिनावर उडणारीं लहान विमानें, म्हणजे नवशिक्या वैमानिकांचीं, शेतांवर औषध फवारणारीं, आडवळणाच्या गांवीं माणसें नि टपाल पोंचविणारीं, अद्याप बहुतांशीं शिशाचेंच इंधन जाळीत आहेत. शंभर वर्षांत त्याला पर्याय कां सांपडूं नये, हा प्रश्न कोणाही वाचकाच्या मनांत येईल. त्याचें उत्तर रसायनशास्त्राइतकेंच इतिहासांत शोधावें लागतें.

सिलिंडरमध्यें दाबलेलें इंधन ठिणगीची ज्वाळा पोंचण्यापूर्वींच आपोआप भडकलें, तर आंतून हातोड्यासारखे ठोके ऐकूं येतात, शक्ति घटते आणि शेवटीं इंजिन मोडतें. ओहायोंतील डेटन शहरीं जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखालीं टॉमस मिज्ली यानें या व्याधीवर औषध शोधण्यांत कित्येक वर्षें घालविलीं. ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड हें द्रव्य त्याच्या हातीं लागलें. गॅलनमागें चहाचा चमचाभरही तें पुरे होई. अल्कोहोलानेंही ठोके थांबतात हें त्याच मंडळींस ठाऊक होतें. पण अल्कोहोल करण्याची विद्या जगजाहीर, तिच्यावर एकट्याचा हक्क कोण सांगणार? १९२३ च्या फेब्रुवारींत नवें पेट्रोल विक्रीस आलें तें ‘एथिल’ या नांवानें. शिशाचा उच्चार त्या नांवांत नाहीं, आणि हा केवळ योगायोग असेल असें मला वाटत नाहीं.

१९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिज्ली स्वतः आदल्या वर्षीं शिशाच्या विषबाधेनें आजारी पडला होता. तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस वार्ताहरांसमोर त्यानें त्या द्रव्यानें हात धुतले व तें हुंगून दाखविलें. विद्वानानें असें करावें याची खंत वाटते. पुढील मे महिन्यांत वॉशिंग्टनला परिषद भरली. येल येथील यांडेल हेंडरसन व हार्वर्डच्या अॅलिस हॅमिल्टन यांनीं निक्षून विरोध केला. पण नेमलेल्या समितीला बंदी घालण्यास पुरेसें कारण दिसलें नाहीं.

विमानांपुरतें मात्र न्यायानें बोललें पाहिजे. अल्कोहोल पाणी शोषून घेतें व त्याची उष्णता पेट्रोलहून कमी, म्हणून उड्डाणास तें गैरसोयीचें. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत स्पिटफायर व हरिकेन विमानांचीं इंजिनें अधिक दाबावर चालवितां आलीं तीं १०० ऑक्टेनच्या, शिसें मिसळलेल्या इंधनामुळेंच. परंतु युद्धोत्तर इंजिनें याच इंधनाच्या मापानें घडविलीं गेलीं, आणि येथें खरी गांठ बसली. १९७० नंतरच्या दशकांत ‘१०० एलएल’ हें ‘कमी शिशाचें’ इंधन आलें. हें ‘कमी’ पूर्वीच्या मानानें. लिटरमागें सुमारें अर्धा ग्रॅम शिसें त्यांतही असतें.

स्वीडनमध्यें एका कंपनीनें १९९१ पासून बिनशिशाचें इंधन विकावयास आरंभ केला. पण तें सौम्य इंजिनांपुरतें. जोरदार इंजिनांचीं विमानें संख्येनें तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असलीं तरी सुमारें ७० टक्के इंधन तींच पितात, असें सांगतात. कॅलिफोर्नियांतील रीड-हिलव्ह्यू विमानतळापासून अर्ध्या मैलाच्या आंत राहणाऱ्या मुलांच्या रक्तांत शिशाचें प्रमाण अधिक असल्याचें २०२१ च्या पाहणींत दिसलें, तेव्हां पुढील जानेवारीपासून तेथील विक्रीच बंद झाली. मागाहून २०२३ सालीं अमेरिकेच्या पर्यावरण-खात्यानेंही हा धूर लोकांच्या आरोग्यास घातक असल्याचा निर्णय दिला.

२०२२ च्या सप्टेंबरांत ओक्लाहोमांतील एडा गांवच्या एका लहान कंपनीच्या ‘जी १०० यूएल’ या बिनशिशाच्या इंधनास, बारा-एक वर्षांच्या खटाटोपानंतर, अमेरिकन विमान-खात्याची मान्यता मिळाली. त्याच महिन्यांत इंडियन ऑइलनें बडोद्याच्या कारखान्यांत केलेलें, पूर्वीं परदेशांतून आणावें लागणारें, ‘१०० एलएल’ बाजारांत आणलें. पण अमेरिकेंतील नव्या इंधनाविरुद्धही लौकरच तक्रारी येऊं लागल्या: त्यानें विमानाचा रंग उडतो, टाक्यांच्या सांध्यांतील लांबी सुटते. कंपनीला त्या मान्य नाहींत.

नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा अनुभव याहून उद्बोधक आहे. २०२३ च्या जूनमध्यें त्यानें आपलीं शिकाऊ विमानें ९४ ऑक्टेनच्या दुसऱ्या एका शिसेरहित इंधनावर नेलीं. तपासणींत असें दिसलें कीं, धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या बैठकी झिजत आहेत. जळलेल्या शिशाचा पातळ थर इतकीं वर्षें तेथें उशीसारखा काम करीत होता, असें पुष्कळ तज्ज्ञांचें मत आहे. ऑक्टोबरांत विद्यापीठानें पुन्हां शिशाचें इंधन घेतलें. अमेरिकन सरकारनें व धंद्यांतील लोकांनीं हें इंधन बंद करण्यासाठीं २०३० च्या अखेरची मुदत ठरविली आहे.