तुकोबांनी आधी देऊळ बांधले

माउली, ओठांवर हरिपाठ असूनही आत काही हलत नाही, असे दिवस तुमच्याही वाट्याला आले असतील. तेव्हा देहूकडे पाहावे.

१६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. तुकोबारायांचा व्यापार बुडाला, पत गेली, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची सेवा असताना हे घडले. आपली लाज, आपले दुःख त्यांनी अभंगात झाकले नाही. एके ठिकाणी तर आपल्यापुरता देव मेला, असेही ते बोलून गेले.

पण मन थाऱ्यावर येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. मोडलेले देऊळ उभारायला घेतले. एकादशीला कीर्तन करू लागले; आरंभी चित्ताला अभ्यास नव्हता, हे तेच सांगतात. म्हणून संतांच्या वचनांवर विश्वास ठेवून ती पाठ केली. पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद मागे धरले.

भाव आटला तर स्वतःला दोष देऊ नका, आणि उसना भावही आणू नका. दिंडीत मागे उभे राहून टाळ धरा. तुमचा आवाज अडला, तर पुढच्यांचा चालू आहे. तेवढ्यावर आज चालता येते.

रामकृष्णहरी.